कोळीगुडीला चुना

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठेवाच म्हणते मी! मागच्या वेळी हा प्रकार माझ्या नणंदेला सांगितला तर तिच्या नाकातून चहा आला, अन् साडीवरचा तो डाग ती अजून मलाच दाखवते.

तर झालं असं की मला कन्नड येतं.

हसू नका. म्हणजे मला तसं वाटत होतं. सगळ्या भानगडीचं मूळ हेच.

मी मूळची उदगीरकडची. लग्न होऊन कन्नड मुलखात, हळ्ळीखेडच्या अलीकडं या गावात आले, तेव्हा सगळं गाव माझ्याशी मराठी बोलायचं अन् आपापसात कन्नड. म्हणजे माझ्याबद्दल जे काही बोलायचं असेल ते कन्नडात! माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या तर माझ्याशी मराठी, शेजारणीशी कन्नड अन् मांजराला शिव्या द्यायच्या तर त्याही कन्नडात. नव्या नवरीनं काय समजायचं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मरगम्माची एक छोटी गुडी आहे. गुडी म्हणजे देऊळ, हे आमच्याकडं मराठी बोलणारेही म्हणतात. त्या गुडीला सगळं गाव कोळीगुडी म्हणतं. मी वर्षभर समजत होते, ही कोळी लोकांची गुडी. एक दिवस शरणम्माक्काला विचारलंच. शरणम्माक्का म्हणजे त्या गुडीची झाडलोट, दिवाबत्ती बघणारी म्हातारी. म्हणलं, "अक्का, गावात कोळ्यांची घरं कुठं हायेत हो? एक पण दिसंना."

तिच्या तोंडातलं पान बाहेर आलं हसून हसून.

"अगं खुळे, कोळी म्हंजे कोंबडी! कन्नडात कोंबडीला कोळी म्हंतेत. मंगळवारी लोक नवसाच्या कोंबड्या घेऊन येतेत न्हवं हितं? म्हणून कोळीगुडी!"

त्या दिवशी मी ठरवलं, कन्नड शिकायचंच. अन् शिकले की! बा म्हणजे ये, होग म्हणजे जा, ऊट म्हणजे जेवण, सुण्ण म्हणजे चुना, तुप्प म्हणजे तूप. सगळ्यात कामाचा शब्द 'गोत्तातरि'. म्हणजे 'कळलं बरं का'. काही कळलं नाही तरी गोत्तातरि म्हणायचं, समोरचा माणूस खूश. तीन वर्षं मी या एका शब्दावर काढली.

आता आमच्या घराचं सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आम्ही बौद्ध. घरात बुद्धवंदना, बाकी नवस, अंगारा, उतारा काही नाही. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, ते दर रविवारी विहारात बोलायला उभे राहतात. अंधश्रद्धेवर बोलायला लागले की घरी भात करपतो तरी थांबत नाहीत. घरापासून तीस पावलांवर ती गुडी, पण आमच्यातल्या कुणी कधी तिच्या पायरीवर पाय दिला नाही. मामा देत नाहीत कारण त्यांना पटत नाही. त्यांच्या आईनं दिला नाही कारण तिला देऊ देत नव्हते. दोन्हींत फार फरक आहे, असं मामा सांगतात. फरक सांगायलाही त्यांना अर्धा तास लागतो.

आमचे हे पुण्याला कंपनीत. घरात मी, आत्याबाई, मामा अन् माझी दीड वर्षाची मित्रा. अन् सहा कोंबड्या, एक कोंबडा. मित्रा झाली तेव्हा माझ्या आईनं डालग्यात घालून पाठवल्या होत्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू सगळ्यांच्याच आया पाठवतात. माझ्या आईनं कोंबड्या पाठवल्या. तिचं म्हणणं, लाडू संपतात.

मित्राचं वजन भरत नव्हतं. अंगणवाडीच्या बाईंनी तिला काट्यावर ठेवलं, काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् असं तोंड केलं की मीच तिथं उभ्या उभ्या अर्धा किलो कमी झाले. म्हणल्या, "करुणा, लेकराला रोज एक अंडं दे. चुकवू नको." तेव्हापासून मी कोंबड्यांच्या मागं अशी फिरायची, जशी बाकीच्या बायका टीव्हीसमोर बसतात. कुणी अंडं दिलं, कुणी नाही दिलं, कोण नुसतीच ओरडून आली, सगळं मला तोंडपाठ.

अन् अचानक अंडी बंद झाली!

एक नाही, दोन नाही, सगळ्यांनी संप केल्यासारखी. वर दिवस मावळला तरी खुराड्यात जाईनात. हाकलून घातलं तर आतमध्ये अंग फडफडवत बसायच्या. तुरे पांढरेफटक. मी खुराड्यात हात घातला, तर हातावर बारीक लाल किडे, मोहरीच्या दाण्याच्या निम्मे! लाकडाच्या फटीफटीतून नुसते वळवळायलेत. खुराडं आमच्या झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या दंडावर लाल पुरळ.

माझं काय झालं असेल? लेकराला पाच वेळा पुसलं, अंथरूण उकळत्या पाण्यात घातलं, अन् ह्यांना पुण्याला फोन करून रडले. ते म्हणाले, "रडू नको, डॉक्टरला विचार." म्हणलं, "कुणाच्या? पोरीच्या की कोंबडीच्या?" फोन कट झाला. नेटवर्कनं की त्यांनी, अजून सांगत नाहीत.

आत्याबाईंनी निकाल दिला. "बुधवारपतुर बघते. न्हाई गेले किडे तर समद्या कोंबड्या बुधवारच्या बाजारात. लेकराच्या अंगावर उठायलंय, मला कोंबड्यांचं कवतिक न्हाई."

"पण आत्याबाई, मग मित्राचं अंडं?"

"अंड्यासाठी लेकरू किड्याला घालतीस काय गं?"

सांगा आता. कोंबड्या ठेवल्या तर पोरगी खाजवणार, विकल्या तर पोरीचं अंडं जाणार. तो दिवस शनिवार. माझ्या हातात चार दिवस.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर होता. माणूस चांगला, पण धारवाडकडचा. कन्नड बोलतो ते पळत्या गाडीतून बोलल्यासारखं. मराठी येत नाही, हिंदी येते पण त्यांचीच त्यांना कळते. मामांना फोन लावायला सांगितला असता, तर संपलं होतं. पण मामा पाहुण्यांच्या लग्नाला बसवकल्याणला निघाले होते, अन् मला म्हणाले, "सूनबाई, तुला येतंय की आता कन्नड. बोल तूच."

असं कुणी म्हणलं की माणूस फुगणारच ना?

फोन लावला. कोळी, कोळी म्हणत किड्यांचं सांगितलं. किड्याला कन्नडात काय म्हणतात माहीत नव्हतं, म्हणून फोनवर खाजवल्याचा आवाज काढून दाखवला. डॉक्टर हुशार, त्यांना कळलं. मग ते जे सुटले! त्यात मला ऐकू आलं ते असं:

"कोळि गुडिगे सुण्ण हच्रि. वळग, होरग, एरड सल." म्हणजे कोळीगुडीला चुना लावा. आतून, बाहेरून, दोनदा.

मग नेटवर्क गेलं-आलं, अन् नुसतं "...प्प हाक्रि". काहीतरी 'प्प' टाका.

मग, "मूर दिन कोळि वळग बिडब्याड्रि." तीन दिवस कोंबडी आत सोडू नका.

"गोत्तातेन्रि?" कळलं का?

अन् मी! छाती पुढं काढून! "गोत्तातरि, गोत्तातरि!"

फोन ठेवला अन् विचार करत बसले. कोळीगुडीला चुना? आमच्या कोंबड्यांचे किडे अन् मरगम्माच्या गुडीला चुना? सरकारी डॉक्टर नवस सांगायला लागला काय?

पण थांबा, मला येडी समजू नका. मी सातवी शिकलेय, विज्ञानात मला बरे मार्क होते. मी विचार केला: आमच्या कोंबड्या दिवसभर असतात कुठं? गुडीपाशी! तिथं निवदाचा भात, नारळाचे तुकडे, सगळं पडलेलं. अन् मंगळवारी साऱ्या गावच्या कोंबड्या तिथंच येतात. म्हणजे किडे तिथूनच! डॉक्टरनं बसल्या जागी फोनवर मूळ ओळखलं! मला त्या माणसाचा इतका आदर वाटला की काय सांगू. कोंबड्या आत सोडू नका, तेही बरोबर. नव्या चुन्याला नवे किडे कशाला?

राहिला तो 'प्प'. प्पनं संपणारा कन्नड शब्द मला एकच येत होता. तुप्प! तूप! देवाच्या कामाला तूप लागणारच, त्यात इचारायचं काय?

आत्याबाईंनी आतून विचारलं, "काय म्हनला गं डॉक्टर?"

"चुना लावायचा म्हणलेत. आतून-बाहेरून, दोनदा."

"मग लाव की. माळ्यावर चुन्याची कळी हाय डब्यात, कुंचा बी हाय. लेकरू मी धरते, तू जवळ आणू नगं तिला, डोळ्यात जाईल."

बघा, कुणी विचारलं का, कशाला लावायचा? त्यांना वाटलं खुराड्याला. मला वाटलं त्यांना सगळं माहीत आहे. खुराडं घराच्या मागं, अन् आत्याबाईंचे गुडघे त्यांना मागं जाऊ देत नाहीत. देवानं म्हणा, नशिबानं म्हणा, माझी फजिती होण्यासाठी सगळी सोय नीट करून ठेवली होती.

रविवारी संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात कळी विझवली. पाणी टाकलं की चुना रटारटा उकळतो, ते तुम्ही बघितलं असेल. वाफ निघायली, डबा थरथरायला. मित्राला आतल्या खोलीत कोंडून, तोंडाला पदर बांधून, लांब काठीनं ढवळत बसले. सोमवारी सकाळी फडक्यातून गाळला, दुधासारखा पातळ केला, थोडी नीळ टाकली. अन् मग इकडं तिकडं बघून, मित्राच्या भातावर घालायच्या तुपाची बरणी त्यात ओतली. चांगली अर्धी बरणी. कंजूषपणा नको, पोरीच्या जिवाचा सवाल आहे!

तूप काही केल्या चुन्यात मिसळेना. गोळे गोळे वर तरंगायले. मी म्हणलं, असंच असेल.

कुंचा घेऊन गुडीवर गेले तर शरणम्माक्का पायरीवर बसलेली.

"काय गं करुणा, कुंचा घेऊन कुठं?"

"अक्का, गुडीला चुना लावायचाय. डॉक्टरनं सांगितलंय. किडे हायेत इथं."

तिनं माझ्याकडं बघितलं, कुंच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणते की तुमच्या घरच्यांनी गुडीला हात लावायचा नाही. पण शरणम्माक्का सरकून बसली अन् म्हणाली, "लाव बाई. जत्रंला लावतो म्हनले, लावलंच न्हाई कुणी. अन् हे बघ, मागली भित बी करून घे, पोपडे पडायलेत."

माझ्या आजेसासूला त्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. तिच्या नातसुनेला मागली भिंतसुद्धा दिली. याला म्हणतात सुधारणा!

मी लावला. आतून, बाहेरून, मागून. देवीच्या आजूबाजूनं, कोनाड्यातून, फटीफटीतून. समोरच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरं होती: 'जीर्णोद्धार: मेंबर अण्णा'. आमचे पंचायतीचे मेंबर. देवीचं नाव कुठं नव्हतं, अण्णांचं होतं. डॉक्टर म्हणाले होते सगळीकडं, म्हणून मी त्यावरही कुंचा फिरवला. एका हातात 'अण्णा' गेले, दुसऱ्या हातात 'मेंबर'. दुपारी वाळल्यावर दुसरा हात. गुडी अशी चमकायली की मलाच माझा अभिमान वाटला.

आता खरी गंमत. उजाडला मंगळवार.

तीन दिवस कोंबडी आत सोडू नका! माझ्या डोक्यात ते पक्कं बसलेलं. सकाळी मित्राला आत्याबाईंकडं दिलं अन् गुडीच्या दारात जाऊन उभी राहिले, हातात तोच कुंचा. पहिली आली गुराळाच्या मळ्यातली बाई, बगलेत लाल कोंबडा.

"थांबा मावशी. कोंबडी आत न्यायची न्हाई."

"कामून?"

"डॉक्टरनं सांगितलंय. तीन दिवस."

"कुठला डॉक्टर?"

"सरकारी."

तिनं कोंबड्याकडं असं बघितलं, जसं त्याच्याच पोटात बॉम्ब आहे, अन् हात लांब केला. तेवढ्यात मागून दुसरी आली, मग तिसरा. तिसऱ्यानं विचारलं, "काय झालं?" पहिलीनं सांगितलं, "कोंबड्यात रोग हाय म्हनं, सरकारनं गुडी बंद केली." चौथ्यापर्यंत गोष्ट गेली तेव्हा गुडीला औषध मारून सील केलं होतं. अर्ध्या तासात गावात बर्ड फ्लू आला. कुठून आला? माझ्या तोंडातून आला! चौकातला चिकनवाला दुकान बंद करून, हात धुऊन, माझ्याकडंच विचारायला आला, "भाबी, कितने दिन बंद रखना पडेगा?"

मी म्हणलं, "तीन दिन."

त्यानं मान डोलावली. माझा रुबाब बघा! आयुष्यात पहिल्यांदा गाव मला विचारायलं होतं अन् मी सांगायली होते. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मग आले मेंबर अण्णा. मोटारसायकल पायरीला लावली अन् भिंतीकडं बघून तिथंच थिजले.

"माझं नाव कुठं हाय?"

"अण्णा, रोग आलाय गावात," कुणीतरी म्हणलं.

"रोग येऊ दे! माझं नाव कुठं हाय?"

"चुन्याखाली," मी म्हणले. "डॉक्टरनं सगळीकडं लावायला सांगितलं होतं."

"नावात किडे हुते काय?"

गर्दीतून एक आवाज आला, "असतील की!" अन् सगळे खाली बघून हसायले. अण्णा लालबुंद. त्यांनी तिथूनच जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला, "साहेब, ताबडतोब या, आमच्या गावात काय चाललंय बघा!"

अन् नेमके त्याच वेळी बसमधून उतरले मामा. लग्नाहून आलेले, हातात पिशवी. त्यांनी काय बघितलं असेल सांगा. मरगम्माची गुडी पांढरीशुभ्र. समोर गाव. अन् दारात, अंधश्रद्धेवर तासतासभर बोलणाऱ्या माणसाची सून, हातात कुंचा, कपाळावर कालच्या चुन्याचा पट्टा वाळलेला, अगदी भस्म लावल्यासारखा!

मामांच्या हातातली पिशवी खाली पडली. लाडू घरंगळले.

"सूनबाई..." एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज कधी एवढा बारीक ऐकला नव्हता. त्यांनी आयुष्यभर जे सांगितलं, ते मी एका डबाभर चुन्यात बुडवलं होतं.

"मामा," मी घाईनं म्हणले, "देवीसाठी न्हाई! जंतूंसाठी! डॉक्टरनं सांगितलंय, सरकारी डॉक्टरनं! गुडीत किडे हायेत, म्हणून चुना लावायचा अन् तीन दिवस कोंबडी आत न्यायची न्हाई!"

मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मग ताठ झाले. मग पायरीपाशी आले अन् गावाकडं तोंड करून सुरू झाले!

"ऐकलं का? ऐकलं का समद्यांनी? मी काय सांगायलो होतो इतकी वर्षं? देवीच्या अंगावर बी किडेच बसतात! रोग नवसानं जात न्हाई, चुन्यानं जातो! ह्याला म्हणतात विज्ञान! आमच्या घरची सातवी शिकलेली सून तुमच्या समद्या गावाला शहाणं करायलीय! तुम्ही कोंबड्या कापत बसा, आमची सून..."

दहा मिनिटं बोलले. लोक कोंबड्या बगलेत धरून ऐकत होते. जागचं हलावं तरी पंचाईत, कारण बर्ड फ्लू. शरणम्माक्का मान हलवत होती. मी तर अशी उभी होते जशी शाळेत बक्षीस घ्यायला.

तेवढ्यात डॉक्टर आले. तोंडाला मास्क, हातात मोजे, घाबरलेले. अण्णांनी फोनवर काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. डॉक्टरांनी गुडीकडं बघितलं, चुन्याकडं बघितलं, बगलेतल्या कोंबड्यांकडं बघितलं. कन्नडात काहीतरी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी पुढं झाले, ऐटीत. "सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. कोळि गुडिगे सुण्ण. एरड सल!"

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. मग मास्क खाली केला. मग डोक्याला हात लावला.

"ना गूडु अंदेन्रि! गूडु! गूsssडु!"

अन् मग शरणम्माक्का. आधी तिचे खांदे हलायले. मग पान बाहेर आलं. मग ती पायरीवर आडवी झाली.

"अगं बाई! अगं करुणा! गूडु म्हंजे खुराडं! कोळि गूडु म्हंजे कोंबडीचं खुराडं! खुराड्याला म्हंजे 'गूडिगे', तू ऱ्हस्व ऐकलीस, 'गुडिगे', गुडीला! डॉक्टर म्हनला खुराड्याला चुना लाव, तू देवीला लावून बसलीस!"

एक उकार. एक उकार लांब ओढायचा राहिला अन् मी अख्खं देऊळ रंगवलं, गावाला बर्ड फ्लू दिला, अण्णांचं नाव पुसलं अन् सासऱ्यांना देवीच्या पायरीवर भाषण करायला लावलं!

काय हसले हो लोक! चिकनवाला हसत हसत दुकान उघडायला पळाला. कोंबड्या बगलेतून सुटल्या. पहिल्या मावशीचा लाल कोंबडा तर त्या गोंधळात जो पळाला तो अजून सापडला नाही. त्या दिवशी माझ्या कन्नडाचा फायदा झाला तो फक्त त्यालाच.

मामांकडं बघायची माझी हिंमत होईना. ते खाली वाकून लाडू गोळा करायले. एक लाडू झटकला, माझ्या हातात दिला अन् हळूच म्हणाले, "सूनबाई, पुढच्या रविवारी मी अंधश्रद्धेवर बोलणार न्हाई. ऱ्हस्व-दीर्घावर बोलतो."

चला, झाली फजिती. पण खरा प्रश्न तसाच होता ना? खुराड्यात किडे तसेच, मित्राच्या दंडावर पुरळ तसंच, अन् उद्या बुधवार. मी रडकुंडीला येऊन म्हणले, "आता खुराड्याला चुना कुठून आणू? सगळा देवीला लागला."

शरणम्माक्का डोळे पुसत म्हणाली, "गुडीमागल्या खोलीत पोतं हाय की चुन्याचं. गेल्या जत्रंचं."

"गेल्या जत्रंला तर लावला म्हणून हिशेब दिला होता ना अण्णांनी?" मामांनी विचारलं.

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांना एकदम आठवलं की त्यांना हुमनाबादला काम आहे. मोटारसायकल सुरू झाली ती थेट गल्लीच्या बाहेर.

पोत्यातला निम्मा चुना दगड झाला होता, निम्मा कामाचा निघाला. डॉक्टर स्वतः घरी आले. खुराडं उन्हात उलटं केलं, आतलं जुनं गवत जाळलं, फटी खरवडल्या, अन् आतून-बाहेरून दोन हात मारले. कोंबड्या तीन दिवस अंगणात डालग्याखाली. आत्याबाई गुडघे धरत धरत दारापर्यंत आल्या अन् मला म्हणाल्या, "कालपास्नं चुना लावायलीस म्हनत होतीस, मग लावलीस कुठं गं?" त्यांना सांगायला शरणम्माक्का होतीच. आत्याबाई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बरं झालं, डॉक्टर विहिरीला लाव म्हनला न्हाई."

अन् बुधवारी काय झालं? आत्याबाईंनी शब्दाप्रमाणं शेजारच्या पोरासंगं कोंबड्या बाजारात पाठवल्या. तासाभरात परत! आमच्या गावचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक चार पावलं मागं. बर्ड फ्लूची बातमी खोटी निघाली, हे आमच्या गावाला कळलं होतं, बाजाराला कळायचं होतं. माझ्या त्या लोणकढीनं माझ्याच कोंबड्या वाचवल्या! तोवर किडे गेले, पुरळ गेलं, अन् दहा-बारा दिवसांनी पांढऱ्या कोंबडीनं चुन्यासारखंच पांढरं अंडं दिलं. ते मी मित्राला भरवलं अन् कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं. अंगणवाडीचा काटाही हलला. बाईंनी तोंड वाकडं केलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

खुराड्याला चुना लावताना डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "उप्प हाकिद्रेन्रि?" मी सवयीनं म्हणणारच होते, गोत्तातरि. पण शरणम्माक्कानं सांगितलं, "चुन्यात मीठ टाकलीस का, म्हनायलेत. मिठानं चुना भितीला धरतो. उप्प म्हंजे मीठ."

उप्प. म्हणजे मीठ.

तो 'प्प'!

मी गुपचूप मिठाचा डबा आणून दिला.

त्यानंतर आठवड्याभरात गुडीच्या भिंतीवर मुंग्यांची रांग. खालून वरपर्यंत, सरळ देवीच्या कोनाड्यापर्यंत. शरणम्माक्का सगळ्यांना दाखवते, "बघा, मुंग्या बी दर्शनाला यायल्यात. देवी पावली!" लोक मुंग्यांना हळद-कुंकू वाहतात. मामा लांबून बघतात, कपाळाला हात लावतात अन् त्याच्यामागचं विज्ञान शोधतात. मी सांगू शकते. सांगत नाही.

कारण अर्धी बरणी तूप कुठं गेलं, हे आत्याबाईंना अजून कळलेलं नाही. त्यांनी सगळा आळ मांजरावर घेतलाय. रोज सकाळी त्या अर्ध्या झालेल्या बरणीकडं बघतात अन् त्या बिचाऱ्याला कन्नडात शिव्या घालतात. मांजर ऐकून घेतं, अन् मग वळून माझ्याकडं बघतं.

त्याला सगळं कळतं हो! घरात कन्नड न येणारी मी एकटीच.